बाटली सातमधलं खोबरेल

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. घरात कुणी अंगारे-धुपारे काढले तरी मी डाफरतो. तरीही हे लिहितोय, कारण... आता पोटात ठेववत नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला एका लॅबमध्ये संशोधन करत होतो. लहान मुलांच्या मेंदूत कोणती फॅटी अॅसिड्स किती असतात, हा विषय. पोस्टमॉर्टेमनंतर आईबापांनी परवानगी दिलेले मेंदूचे तुकडे धुळ्याहून बर्फात यायचे. बाटलीवर फक्त नंबर.

त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, पाच महिन्यांचं बाळ धुळ्याच्या इस्पितळात फिट येऊन गेलं. सासूने तिला तोंडावर सुनावलं, "तूच हयगय करी." अक्काने डॉक्टरांना मेंदूचा तुकडा घ्यायची स्वतःहून परवानगी दिली. माझं काय कमी पडलं ते तरी कळू दे, म्हणाली.

पुढे सात नंबरची बाटली आली. मशीन सुरू केलं. चार्टवर पेन आधी सपाट रेघ ओढतं, एकेका अॅसिडचे उंचवटे नंतर येतात. या वेळी सुरुवातीलाच भला मोठा उंचवटा! लॉरिक अॅसिड. खोबरेलात हे भरपूर असतं; मेंदूत जवळजवळ नसतंच.

माझे गाइड म्हणाले, "अरे, कुणाच्या तरी हाताचं तेल असेल." मलाही तेच वाटलं. कोरी भांडी घेतली, तुकड्याचा अगदी आतला भाग कापला — पुन्हा तेच. बाकीच्या बाटल्या लावल्या तर त्या जागी सपाट रेघ.

वैतागून सरांनी धुळ्याला फोन केला. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघेचनात. "तुझ्या बहिणीचं बाळ आहे रे ते..."

मी तिथेच स्टुलावर बसून रडलो.

रविवारी पिंपळनेरला अक्काकडे गेलो. त्या चार्टबद्दल मी अवाक्षरही काढलं नव्हतं. चहा देता देता तिनेच विचारलं, "भाऊ, मी रोज त्यानी टाळूवर खोबरेल घालेल शे. ते मेंदूलगून पोचनं व्हई का रे?"

टाळूवर घातलेलं तेल मेंदूत जात नाही, हे मी दुसऱ्या कुणालाही ठणकावून सांगितलं असतं. तिला म्हणालो, "पोचनं, अक्का. मी सोता देखं."

तिने पदराने डोळे पुसले. जरा हसलीसुद्धा. मग माझं मनगट घट्ट धरलं.

"मंग मना पोऱ्या कसा गया रे, भाऊ?"

तो उंचवटा कुठून आला, ते मला आजही सांगता येत नाही.