तेवीस नंबरची दडमल बाई

आमच्या कॉलेजचं नाव मी सांगत नाही. वडशाच्या आसपास कुठेतरी आहे, एवढं पुरे. तिथे मी ग्रंथपाल आहे, आणि माणसं संशोधन कशी करतात हे इतक्या जवळून पाहिलंय की तो शब्द कानावर पडला तरी मला मळमळतं.

हर्षा नन्नावरे प्राणिशास्त्र विभागात तासिकेवर शिकवायची. तासिकेवर म्हणजे शिकवाल तेवढाच पगार, आणि पुढच्या सत्रात तास मिळणार की नाही ते विभागप्रमुखांच्या मर्जीवर. विभागप्रमुख म्हणजे लांजेवार सर. सरांची मर्जी राखायची तर सरांच्या शोधनिबंधांच्या संदर्भसूच्या करून द्यायच्या. असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. पण तासिकेवरच्या माणसाला नियम दाखवून उपयोग नसतो.

बाहेरच्यांना वाटतं यादी करणं म्हणजे काय मोठं काम! निबंधात ज्यांचं वाचून लिहिलं त्यांची नावं शेवटी द्यायची, झालं. पण प्रत्येक जर्नलचे नखरे वेगळे. एकाला वर्ष कंसात हवं, दुसऱ्याला शेवटी. एकाला जर्नलचं नाव तिरप्या अक्षरात, दुसऱ्याला आखूड करून. एका ठिकाणाहून निबंध परत आला की सगळी यादी उसवायची आणि दुसऱ्याच्या मापाने पुन्हा शिवायची. हर्षा हे दुपारी वाचनालयातल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर करायची, शेजारी डबा उघडा ठेवून. घास थंड व्हायचा, पण यादीत स्वल्पविराम चुकायचा नाही.

आणि त्या याद्या तरी कसल्या! त्यातलं निम्मं सरांनी उघडूनही पाहिलेलं नसायचं. दुसऱ्याच्या निबंधाच्या शेपटातून आयती यादी उचलायची आणि मधे मधे स्वतःचे जुने निबंध कोंबायचे. निबंध वटवाघळांवर असो की खेकड्यांवर, सरांचा गांडुळांवरचा निबंध त्यात असायचाच. हर्षा मुकाट्याने तो बसवून द्यायची. मला मात्र पानात केस निघाल्यासारखं व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात सरांनी नवा निबंध आणून टाकला. विषय होता गोड्या पाण्यातला स्पंज. आपल्याकडे धानाच्या बांधीच्या वर पाणी साठवायची बोडी असते, तिच्यात बुडालेल्या काटक्यांवर हिरवट, खरखरीत थर धरतो, तोच हा. हात लागला की खाज सुटते. सरांचा दावा होता की विदर्भातली ही पहिलीच नोंद.

दुसऱ्या दिवशी हर्षाने मला हाक मारली.

"बाई, इकडे या ना. हे तेवीस नंबर पाहा."

मी पाहिलं. दडमल, आर. एल. पुढे वर्ष, पुढे निबंधाचं नाव, त्यात बोडी आणि स्पंज.

"कोण हे?"

"मीच आहो बाई." ती चक्क लाजली. "लग्नाच्या आधीची."

तेव्हा मला कळलं. तिचं माहेर चिमूरकडचं. जन्मनाव रिना, वडील लहानू दडमल. एम.एस्सी.ला असताना ती वडिलांच्या बोडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरून स्पंज गोळा करायची, रात्रभर मनगटं खाजवायची. त्यावर तिचा एकुलता एक निबंध छापून आला. मग लग्न ठरलं. मांडवात नवऱ्याने ताटातल्या तांदळात बोटाने नवं नाव लिहिलं, हर्षा. मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. नाव बदलल्याचं राजपत्र झालं, आधार बदललं. छापलेल्या निबंधावर काही नवं नाव चढत नाही, तो दडमल बाईकडेच राहिला. कॉलेजातल्या अर्जात तिने हे सगळं लिहिलं होतं. पण सरांनी तो अर्जही, बाकी संदर्भांसारखाच, वाचलेला नव्हता.

"केरळातल्या कोणीतरी माझं वाचलं बाई," ती म्हणाली. "सरायनं त्याच्याच यादीतून उचललं, म्हणून मी इथी आली." त्या दिवशी तिने डबा गरम करून खाल्ला.

मग तिने शहाणपणा केला. खरेपणाला आमच्याकडे हाच शब्द आहे. सर वाचनालयात आले तेव्हा तिने सरळ सांगितलं, "सर, पहिली नोंद नाई लिहिता येत. तेवीस नंबर पाहा, नोंद आधीच झाली आहे."

सरांनी चष्मा वर केला. "कोण आहे हा दडमल?"

हर्षा उत्तर देणार तोच सर म्हणाले, "काढून टाका ना त्याले. तसंही जर्नल चाळीसच संदर्भ घेते. कोण वाचून राह्यलं?"

"सर, ते मीच आहो."

मला वाटलं, आता तरी माणूस ओशाळेल. निदान खोकेल. सर हसले, अगदी तोंडभर.

"अरे, मंग तर घरचाच मामला! परक्याचा असता तर भानगड होती. तुमचाच आहे तर काढाले काय हरकत? लेखकांत तिसरं नाव तुमचं टाकतो, बस?"

"त्याच्यात पहिली नोंद राह्यल का?"

"राह्यलच ना."

"मंग नाई, सर."

"जूनमधे तास वाटाचे आहेत मॅडम," सर तितक्याच गोड आवाजात म्हणाले.

हर्षाने मनगट खाजवलं. "मी नाई काढत. तुमचं तुम्ही काढा."

सरांनी काढलाच. तेविसावा संदर्भ गेल्यावर यादीतले पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकले, निबंधातल्या वाक्यांपुढचे आकडे तसेच राहिले, आणि माशांबद्दलच्या वाक्याला गांडुळं येऊन चिकटली. ते निस्तरायला नागपूरचा कोणी धरला म्हणे. गांडुळं अर्थातच शाबूत राहिली.

जूनमध्ये तास वाटले गेले. हर्षाला एकही नव्हता. का, ते सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. सगळे चहा पीत राहिले. मी प्राचार्यांकडे गेले, तर ते म्हणाले, विभागाचा अंतर्गत प्रश्न आहे. त्यांच्या टेबलावरची बिस्किटं मला उचलवली नाहीत.

निबंध छापून आला तेव्हा सरांनी तो ग्रुपवर टाकला. खाली फुलांचा आणि टाळ्यांचा पाऊस. त्याच आठवड्यात हर्षा वाचनालयाची पुस्तकं परत करायला आली. मी तिला निबंध दाखवणार नव्हते, पण तिने स्वतःच उघडला. पहिली नोंद, जशीच्या तशी. यादीत दडमल नाही. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात: संदर्भसूची अचूक तयार करून दिल्याबद्दल सौ. हर्षा नन्नावरे यांचे मनःपूर्वक आभार.

मला शिसारी आली. चोराने चोरी करून जाताना घरधनिणीला दार नीट लावल्याबद्दल शाबासकी द्यावी, तसं ते वाक्य होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती रडेल असं वाटलं, पण तिचंही नाक मुरडलेलं होतं.

"बाई, आभार काढून टाकता येते का?"

"संपादकांना लिहावं लागेल."

"मंग लिहू."

ती त्याच कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसली. पत्र फार मोठं नव्हतं. 'आभारात जी नन्नावरे बाई आहे तिला काढून टाकावे. तिने केलेल्या यादीत तेविसाव्या क्रमांकावर दडमल बाई होती. तिला काढल्यावर ही यादी अचूक राहिलेली नाही. दडमल बाईचा निबंध सोबत जोडला आहे.'

खाली तिने आधी रिना लहानू दडमल असं लिहिलं, त्याखाली हर्षा प्रफुल नन्नावरे, आणि दोन्ही नावांसमोर एकच सही केली.