लांबचं बघायला

हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून ताई निवृत्त झाली, तेव्हा निरोपाच्या चहाला मेट्रनबाईंनी विचारलं, "आता पुढं काय?" ताईनं हातातला पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "आता महाराणीला घेऊन परदेशात फिरून येणार." सगळे हसले. महाराणी म्हणजे ताईची धाकटी बहीण, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिचे दोन्ही पाय लहानपणच्या तापात गेलेत हेही. त्यामुळे ते हसणं अर्ध्यावरच थांबलं.

महाराणी हे नाव वडिलांनी ठेवलेलं. "हिला पालखीशिवाय चालत नाही," असं म्हणत ते तिला खांद्यावर घेऊन गावभर हिंडवायचे. पुढं ते गेले. भाऊ लग्न करून दुसऱ्या गावी राहायला गेला. आईनं अंथरूण धरलं आणि तीही गेली. उरल्या या दोघी, तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक चाकांची खुर्ची. ताईला मध्ये एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा चांगला होता. "बहिणीची काहीतरी सोय लावा," एवढंच त्याच्या आईचं म्हणणं होतं. ताईनं नकार कळवला आणि त्या विषयावर घरात पुन्हा बोलायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे ताईनं ठरवलं.

महाराणी रफू करायची. खिडकीशी खुर्ची लावून, कापड नाकाला लागेल इतकं जवळ धरून. शालीची उंदरानं कुरतडलेली कड, कोटाला पडलेलं भोक, लग्नातल्या साडीची फाटलेली नक्षी, ती असं काही भरून द्यायची की गिऱ्हाईक कापड उजेडात धरून जागा शोधत बसायचं. जीभ मात्र सुईहून टोकदार. "सापडलं तर पैसे परत, आणि नाही सापडलं तर चष्मा करून घ्या," असं सांगायची.

परदेशाचं खूळ तिचंच. "चार बोटांवरचं बघून बघून माझी नजरच आखूड झालीय गं ताई," ती म्हणायची. "एकदा मला लांबचं बघायचंय. इतकं लांबचं, की मध्ये काहीच नाही." ताई दरवेळी म्हणायची, "निवृत्त होऊ दे मला, मग जाऊ." बोलून बसली होती, आणि ताई बोललेला शब्द खाली पडू देणाऱ्यातली नव्हती.

गुडघ्यांचं मात्र तिनं बहिणीला सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलातल्याच डॉक्टरांनी फोटो काढून बघितला होता आणि म्हटलं होतं, "आता वजन ओढणं-ढकलणं बंद." ताईनं मान हलवली, जाता जाता औषधाच्या दुकानातून मलम घेतलं आणि घरी येऊन खुर्ची ढकलत बहिणीला बाजारात नेलं.

सहल कंपनीतल्या बाईनं गोड बोलून वाटेला लावलं. "ग्रुप थांबत नाही हो मॅडम. बाकीच्यांची गैरसोय होते." मग भावाच्या मुलानं मनावर घेतलं. त्यानं एक समुद्रकाठचं शहर शोधलं, तिकिटं काढली, हॉटेल ठरवलं. "तिकडं सगळं खुर्चीवाल्यांच्या सोयीचं असतं, आत्या," तो म्हणाला. "तिकडं माणसाला किंमत आहे. तुम्ही दोघी बिनधास्त जा."

विमानातून उतरल्यावर खुर्ची मिळाली ती वाकडी होऊन. पाय ठेवायची एक पट्टी दुमडली होती आणि डाव्या चाकाचा ब्रेक ढिला पडला होता. काउंटरवरच्या माणसानं खांदे उडवले. ताईनं पट्टी गुडघ्यावर दाबून सरळ केली, ब्रेकला रुमाल आवळून बांधला आणि म्हणाली, "चल, होईल." हॉटेलची खोली छान होती, खिडकीखाली फुलं होती, पण न्हाणीघराचं दार खुर्चीपेक्षा चार बोटं अरुंद निघालं. ताई दरवेळी तिला काखेत धरून आत न्यायची आणि तसंच बाहेर आणायची. पहिल्या दिवशी दोघी यावर पोट धरून हसल्या.

पहिला दिवस खरंच चांगला गेला. ठरलेल्या थांब्यावर बस आली, ड्रायव्हरनं बटण दाबलं आणि बसच्या पोटातून एक फळी सरकत बाहेर आली. खुर्ची आपली आपण आत. प्रवासी जागा सोडून उभे राहिले, कुणी चुकचुकलं नाही, कुणी 'अरेरे' म्हटलं नाही. महाराणी खिडकीशी ताठ बसून राहिली. "ताई, कुणी बघतसुद्धा नाही गं आपल्याकडं," ती ताईच्या कानाशी कुजबुजली, आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की ताईला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी त्या मेट्रोनं संग्रहालयाला निघाल्या. चढायच्या स्टेशनात लिफ्ट होती. उतरायच्या स्टेशनात लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला होता. भाषा कळत नव्हती, तरी अर्थ कळला. निळ्या कोटातल्या माणसानं हातवारे करून पुढच्या स्टेशनला जायला सांगितलं. पुढच्या स्टेशनात नुसते जिने. तिथल्या बाईनं मागं बोट दाखवलं. असं करत करत त्या शेवटी जिथून निघाल्या तिथंच वर आल्या, तेव्हा दुकानं बंद होत होती.

"दिवसभर जमिनीखाली फिरलो," महाराणी म्हणाली. "इथल्या उंदरांनीसुद्धा शहर आपल्यापेक्षा जास्त पाहिलं असेल."

ताई हसली, पण तिला दंडातून कळ येत होती.

मग बोटीचा दिवस. बेटांकडं जाणारी बोट धक्क्याला लागलेली होती, तिकिटं हातात होती, पण बोटीत उतरायला सहा-सात पायऱ्यांची शिडी होती. एक दांडगा खलाशी पुढं आला आणि दोन्ही हात पसरून त्यानं उचलतो अशी खूण केली. महाराणीनं पदर आवळून घेतला. "नको," ती म्हणाली. "सांग त्याला, नको."

"अगं, पाच मिनिटांचा तर प्रश्न. चांगला दिसतोय माणूस."

"चांगलाच आहे. पण मी काय बोचकं आहे का, याच्या हातातून त्याच्या हातात द्यायला? बाबांनी उचललं, तू उचलतेस. तेवढं पुरे."

बोट सुटली. दोघी धक्क्यावर बसून राहिल्या. समुद्र समोर होता, पण धक्क्याची भिंत महाराणीच्या डोळ्यांपेक्षा उंच होती. ताई उभी राहून तिला सांगत होती, आता एक पांढरी बोट जातेय, आता दोन पक्षी बसलेत. थोड्या वेळानं महाराणी म्हणाली, "राहू दे ताई. रेडिओ ऐकल्यासारखं वाटतंय."

शेवटच्या दिवशी टेकडी उरली होती. शहरात कुठंही गेलं तरी ती दिसायची. वर एक मोकळी गच्ची बांधलेली होती आणि हॉटेलच्या मुलीनं नकाशावर तिथं टिचकी मारून डोळे मिटून दाखवलं होतं, म्हणजे इतकं सुंदर. वर जायला दोरानं ओढली जाणारी डब्याची गाडी होती. त्या तिथं पोचल्या तेव्हा डबा खाली उभा होता, त्याची चाकं काढून ठेवलेली आणि दोन माणसं खाली वाकून काम करत होती. बस निम्म्यापर्यंत जात होती. पुढं दगडी फरशीचा चढ.

"परत फिरू," महाराणी म्हणाली.

"इतकं येऊन?"

"तुझे गुडघे दुखतायत. मला काय दिसत नाही का? रोज मोरीत मलम चोळतेस ते. वास येतो."

"आज नाही गेलो तर कधी जाणार आपण?" ताई म्हणाली. 

निम्म्यापर्यंत बसनं गेल्या. मग ताईनं खुर्ची ढकलायला घेतली. फरशीच्या फटीत पुढची चाकं अडकत होती, ती उचलून पुढं टाकायला लागत होती. बाजूनं तरुण पोरंपोरी हातात हात घालून वर जात होती. कुणी हसून नमस्कारासारखी मान हलवायचं आणि पुढं जायचं. ब्रेकचा भरवसा नव्हता, त्यामुळे थांबलं तरी खुर्ची हातानं धरूनच ठेवावी लागत होती. विसावा म्हणून घ्यायचा कसा? ताईच्या डोळ्यांत घाम उतरत होता. महाराणी चाकं आपल्या हातांनी पुढं रेटायचा प्रयत्न करत होती, पण सुई धरणारे हात ते, किती रेटणार. वळणाशी आल्यावर वरची गच्ची दिसली आणि तिच्या कठड्याशी उभी माणसं दिसली. ताई म्हणाली, "आलोच बघ आपण."

आणि तिथंच खुर्ची मागं गेली.

ताई बाजूला कोलमडली. खुर्ची उतारावर मागच्या मागं सुटली, फरशीवर खडखडत गेली, आणि एका दुकानाच्या दाराशी ठेवलेल्या मोठ्या कुंडीवर आदळून आडवी झाली. महाराणी ओरडली नाही. लोक धावले. दुकानातून कातडी एप्रन बांधलेला चांभार बाहेर आला, त्यानं आणि आणखी एकानं मिळून खुर्ची सरळ केली आणि तिला उचलून खुर्चीत ठेवलं. या वेळी ती 'नको' म्हणाली नाही. चांभाराच्या बायकोनं पाणी आणलं, कोपराला फडकं बांधलं, आणि दोघींना दाराशी सावलीत बसवून आपल्या कामाला लागली.

 मग महाराणीनं विचारलं, "ताई, हात घसरला, की सोडलास?"

तिच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला कापड सुती आहे की रेशमी, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं.

ताईनं आपले तळवे उलटून पाहिले. "घसरला असेल," ती म्हणाली.

"असेल?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. पण तिला तो एक क्षण आठवत होता. हात रिकामे झाले, पाठ सरळ झाली, अंगावर कुणाचाच भार राहिला नाही. आधी बरं वाटलं होतं. भीती वाटली ती त्यानंतर. मधलं अंतर डोळ्याची पापणी लवण्याइतकं असेल, पण ते होतं.

"मला सांगता येत नाही गं," ती म्हणाली. "खरंच नाही सांगता येत."

"बरं," महाराणी म्हणाली. मग कोपर वळवून बघत, "फडक्यातून रक्त येतंय का बघ जरा."

चांभारानं वर बोट करून पुढं नेऊ का अशी खूण केली. दोघींनी एकदमच मान हलवून नको म्हटलं. तो बसथांब्यापर्यंत खुर्ची धरून खाली घेऊन आला. उतरताना तो पुढं आणि ताई मागं मोकळ्या हातांनी. बसची फळी बाहेर आली, खुर्ची आत गेली, माणसांनी जागा दिली. महाराणी खिडकीकडं पाठ करून बसली.

घरी आल्यावर शेजारणी विचारायला आल्या. महाराणीनं बसच्या फळीची गोष्ट रंगवून सांगितली, मेट्रोतल्या उंदरांची सांगितली, सगळ्यांना हसवलं. टेकडीचं नाव दोघींनीही काढलं नाही. ताईनं गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, तेही मनासारखं झालं नाही. ती काठी घेऊन चालायला लागली. बहिणीला आंघोळीला न्यायला बाई ठेवली. ती आठवड्यातून तीनदा यायची आणि चारदा दांडी मारायची. बाहेर जायचं दोघींनी सोडूनच दिलं. कधी ताई म्हणाली, "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ," तर महाराणी म्हणायची, "हा कोट आज द्यायचाय."

भाचा एक दिवस आला तो गावाबाहेरच्या एका संस्थेची माहिती घेऊनच. महाराणीनंच त्याला फोन केला होता. ताईला हे तेव्हा कळलं.

"मला न विचारता?" ताई म्हणाली.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस."

"मग?"

"मग मला राहावं लागलं असतं. आणि तुला मला ठेवून घ्यावं लागलं असतं." महाराणी दोरा दातानं तोडत म्हणाली. "तुझ्यावर राग नाही गं माझा. पण आता तू मागं उभी राहिलीस ना, की माझी मान ताठ होते. झोपेतसुद्धा. तो काही माझ्या हातातला भाग नाही."

ताईनं त्या दिवशी खूप काही बोलायचं ठरवलं. जाऊ नकोस म्हणायचं ठरवलं. म्हणालीही एकदा. पण दोनदा म्हणाली नाही, आणि तिनं दोनदा म्हटलं नाही हे महाराणीच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं हे ताईच्याही.

संस्थेत महाराणीला खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर मोकळं माळरान आहे, पण ती बसते खिडकीकडं पाठ करून, पाठीमागून उजेड कापडावर चांगला पडतो म्हणून. पोरी तिच्याकडं रफू शिकायला येतात, तिच्या बोलण्याला हसतात. ताई दर गुरुवारी बसनं जाते. बस थांबते तिथून संस्थेच्या फाटकापर्यंत चालायला तिला फार वेळ लागतो. दोघी बसतात. शेजारणीच्या सुनेचं काय झालं, दूधवाल्यानं पाणी घालायला सुरुवात केली, असलं बोलतात. बोलणं संपलं की ताई काठी घेते.

परवाच्या गुरुवारी उठता उठता ताई म्हणाली, "अजून विचारशील मला, तर मी हात घसरलाच असं सांगेन."

"मला माहितीये," महाराणी म्हणाली. "म्हणून तर विचारत नाही. जा आता, बस चुकेल."