राखून ठेवलेला जोड

दुकानात बूट हाती आला की सर तो आधी नाकाला लावत. माप, किंमत, चकाकी हे सगळे नंतर. डोळे मिटून, बुटाच्या तोंडात नाक खुपसून ते दोन दीर्घ श्वास घेत आणि मग निकाल देत, "नुसता रंगाचा वास येऊन राहिला. चामडं खाली कुठंतरी असेल, पण त्याची आपली भेट होणार नाही." सीताबर्डीच्या त्या दुकानाचा मालक त्यांना ओळखून होता. "सर, नाश्ता करके नहीं आए क्या?" असे तो दर वेळी विचारी, आणि सर तितक्याच गांभीर्याने पुढचा डबा उघडायला लावत.

सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवत. त्यांचे खरे नाव वेळापत्रकापुरते होते. कॉलेजभर ते बूट सर. शेवटच्या वर्षाच्या ज्या मुलाला मुलाखतीचे पत्र येई, त्याला घेऊन ते रविवारी काळे बूट निवडायला जात. असे एखादे सर प्रत्येक कॉलेजात असतात; कोणी अर्ज तपासून देतात, कोणी टायची गाठ बांधून देतात. माझ्या भावाची पाळी आली तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. "तूही चाल वं," सर म्हणाले, "हेही केमिस्ट्रीच होय. फक्त याच्यात मार्क नाहीत."

खरेदी नेहमी दुपारी चारनंतर. "सकाळचा पाय खोटं बोलते," हे त्यांचे पहिले सूत्र. रात्रभर आडवा पडून तो सडपातळ झालेला असतो. दिवसभर उभा राहून सुजला की मग त्याला विचारावे, तुला जागा किती हवी. मी हे पुढे पडताळून पाहिले. सूत्र बरोबर आहे. वासानंतरची दुसरी चाचणी अंगठ्याची होती. बुटाच्या पाठीवर अंगठा दाबला की खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्यांचे जाळे उमटते आणि अंगठा उचलताच विरते. रंगाचा जाड थर चढवलेल्यावर एकच ठसठशीत घडी पडते. तिसरी चाचणी कापलेल्या कडेची. तिथे तंतू दिसावेत, कापडाचे अस्तर नव्हे. शेवटी तळ. तो शिवलेला हवा, कारण शिवलेला तळ झिजला की बदलता येतो.

भावाला निमुळता, लेसच्या पट्ट्या आत शिवून बंद केलेला जोड आवडला होता. सरांनी तो त्याच्या पायातून स्वतः उतरवला. "मुलाखतीच्या पुस्तकात हाच लिहिला आहे. पण पुस्तक लिहिणारा आपल्यासारखा उन्हाळाभर अनवाणी हिंडला नव्हता गा. तुझा पंजा पाह्य, फावड्यावानी आहे." मग त्यांनी रुंद पुढ्याचा, लेसच्या पट्ट्या सुट्या असलेला, नक्षी नसलेला साधा जोड काढला. भाऊ हिरमुसला. त्यावर सर म्हणाले, "चांगला बूट कोणाले दिसत नाही. वाईट बूट साऱ्यायले दिसते." भावाला ती नोकरी लागली. त्यात बुटांचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही. पण मुलाखतीच्या अर्ध्या तासात आपल्याला पाय आहेत याचा विसर पडला होता, असे तो म्हणाला.

प्रयोगशाळेत सरांचा एकच हट्ट होता, लेबलाचा. प्रत्येक बाटलीवर चार ओळी: आत काय आहे, कसे साठवले, किती काळ, आणि कोणी तयार केले. चौथी ओळ मुले हमखास टाळत, कारण द्रावण बिघडले तर नाव सापडे. सर ती बाटली वर धरून शांतपणे विचारत, "हे कोणाचं पोर आहे? बापाचं नाव काहून नाही याच्यावर?" वर्ग हसे. हसू ओसरले की ते म्हणत, "चूक कोणाची ते माहीत नसलं तं सुधारणार कोण?"

स्वतः सर तासिका तत्त्वावर होते. दर जूनमध्ये नवा आदेश, मार्चमध्ये तो संपलेला. हे एकोणीस वर्षे चालले होते. त्यांच्या पायातल्या काळ्या बुटांचे तळ तीनदा बदललेले होते आणि त्यांना दर शनिवारी पॉलिश होत असे. कायम पदाची जाहिरात निघेल, या वाक्याचा त्यांच्या तोंडी मी कधीही भूतकाळ ऐकला नाही.

एम.एस्सी.ला मी पॉलिमर घेतले आणि हिंगण्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. पहिल्या पगारात सरांना बूट घ्यायचे हे मी आधीच ठरवले होते. नेहमीच्याच दुकानात, दुपारी साडेचारला, मी त्यांना बसवले आणि निवड मी केली. वरचे चामडे त्यांच्या तिन्ही चाचण्यांना उतरले. मग त्यांनी बूट उलटा केला आणि तळाला नख लावले.

"हे काय होय वं?"

"पॉलियुरेथेन, सर. वजन निम्म्याने कमी. झीज फारशी होतच नाही."

"शिवलेला नाही."

"साच्यात ओतलेला आहे. बदलायची वेळच येणार नाही."

त्यांनी तो बराच वेळ हातात तोलला. "मले यातलं समजत नाही," ते म्हणाले, "पण तू शिकली आहेस. तुझ्यावर सोडतो." दुकानदार म्हणाला, "आज पहली बार सर हार गए." सर हसले. मीही हसले. मला तो दिवस विजयाचा वाटला होता, हे नोंदवून ठेवणे भाग आहे.

सरांनी तो जोड घातला नाही. कायम पदाच्या मुलाखतीला घालायचा म्हणून डब्यात ठेवला. मधल्या काळात एक जाहिरात निघाली आणि रद्द झाली. दुसरीला स्थगिती आली. दर दिवाळीला ते जोड बाहेर काढत, वरून पॉलिश करत, डांबराची गोळी घालून पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवत. मला फोनवर सांगतही, "अजून नवाच आहे पाह्य." मी "छान" म्हणत असे. अशी सहा वर्षे गेली.

अखेर रामदासपेठेतल्या एका संस्थेचे मुलाखतीचे पत्र आले. सर एक्कावन्न वर्षांचे होते. "ही शेवटची," ते म्हणाले. "पुढची येईपर्यंत मी रिटायर होईन. कशातून, ते मात्र सांगता येत नाही." मी अर्धी रजा टाकून त्यांना माझ्या स्कूटरवर नेले. तो राखून ठेवलेला जोड घालून ते फाटकापाशी उतरले, शर्ट नीट खोचला आणि पायऱ्या चढू लागले. तिसऱ्या पायरीवर त्यांचा डावा पाय किंचित खचला. व्हरांड्यात पोहोचेपर्यंत पांढऱ्या फरशीवर काळ्या चुऱ्याची एक रेघ उमटली होती. टाच चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी सुटून पडली होती. उजव्या बुटाचीही तीच गत सुरू झाली होती.

सर खाली वाकले. एक तुकडा उचलून त्यांनी बोटांत चोळला आणि, सवयीने, नाकाला लावला.

"काय झालं वं हे?"

"हायड्रोलिसिस," मी म्हणाले. "हवेतल्या ओलाव्याने साखळ्या तुटतात."

"एस्टर बंध?"

"हो. न वापरता बंद ठेवले की ओलावा आतच कोंडतो. रोज पायात असते तर बहुधा इतक्या लवकर..."

"तुले माहीत होतं?"

माहीत होते. एम.एस्सी.च्या परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मला त्यात पूर्ण गुण होते. फक्त जे कागदावर लिहिले, ते सरांच्या कपाटावरच्या डब्यातही घडत असेल, असा विचार सहा वर्षांत माझ्या मनाला एकदाही शिवला नाही. मी मान हलवली. तोंडी परीक्षेत उत्तर बरोबर आले की ते जशी मान डोलावत, तशीच त्यांनी डोलावली.

शिपायाने आपल्या चपला पुढे केल्या. "नको गा," सर म्हणाले, "चपलेकडे नजर जाते." पाय न उचलता, घासत घासत, ते आत गेले. चार मिनिटांत बाहेर आले. त्यांनी शिपायाकडून झाडू मागून घेतला, दारापासून पायऱ्यांपर्यंत सगळा चुरा स्वतः लोटला आणि रुमालात बांधला. "मागून येणाऱ्या उमेदवाराचा पाय घसरन," एवढेच बोलले.

ती निवड आधीच ठरलेली होती, असे त्या क्षेत्रातले सगळे सांगतात. मला ते मानायला फार आवडेल, कारण त्यात माझी सुटका आहे. पण माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय मानायचे नाही हे मला ज्यांनी शिकवले ते सरच होते.

पुढच्या जूनमध्ये त्यांच्या नावाचा आदेश निघाला नाही. ते काटोलकडे आपल्या गावी निघून गेले. मी फोन केला की मोजके बोलतात; माझी नोकरी, माझी प्रकृती. बुटांचा विषय काढत नाहीत. भेटायला येते म्हटले तर म्हणतात, "उन्हाचं काहून येतं वं," आणि थंडीत म्हणतात, "पाहू."

या वर्षी कॉलेजने मला माजी विद्यार्थिनी म्हणून व्याख्यानाला बोलावले. ते संपल्यावर मी एकटीच प्रयोगशाळेत गेले. नमुन्यांच्या कपाटात, मागच्या रांगेत, काळ्या चुऱ्याने अर्धी भरलेली एक बाटली होती. प्रयोगशाळेच्या सहायकाने सांगितले की मुलाखतीनंतरच्या सोमवारी सरांनी हा चुरा वर्गात दाखवला होता. तास सगळ्यांना आवडला होता.

लेबल सरांच्या हातचे होते, आखून चार ओळींचे. पहिली: पॉलियुरेथेन, बुटाचा तळ. दुसरी: डब्यात, प्लास्टिकमध्ये, न वापरता. तिसरी: सहा वर्षे.

चौथी, कोणी तयार केले ती ओळ, त्यांनी आखली होती आणि कोरी सोडली होती. माझ्या पर्समध्ये पेन होते. मी ते काढले, टोपण उघडले आणि टोक कोऱ्या ओळीवर धरले. मग सहायकाला कपाटाला कुलूप लावायचे होते; मी ओळ कोरीच ठेवून बाटली मागच्या रांगेत परत ठेवली.