टाळीमावशी आणि माझा हुशार वर्ग

टाळीमावशी कुणाचंही नाव सरळ घेत नसे, टाळ्या वाजवून घेत असे. गो-दा-व-री, चार टाळ्या. पूर्णा गावात आमच्या शाळेला लागूनच अंगणवाडी होती, तिथं ती मदतनीस होती. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांचं आडनाव तिनं पोरांकडून पाच टाळ्यांत वाजवून घेतलं. साहेबांना तो सत्कार वाटला. त्यांनी उभं राहून नमस्कार केला.

मी पहिलीची बाई. पदविका, त्यावर पाच दिवसांचं प्रशिक्षण, फाईल, बिल्ला, दोन वेळचा चहा. वाचण्याआधी मुलाला शब्दातले आवाज सुटे ऐकू यावे लागतात, पाहिलेलं ध्यानात राहावं लागतं, लक्ष एका जागी टिकावं लागतं, हे सगळं मी तिथं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि वही कपाटात ठेवली. मावशीला प्रशिक्षणाला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून बिचारी ते रोज करत बसायची. कमळातला 'क' काढला की काय उरलं? "मळ!" पोरं खिदळायची. तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली चिंचोका लपवायचा आणि वाट्या फिरवायच्या. गोदामांच्या रस्त्यानं पोरांची रांग न्यायची आणि परत आल्यावर विचारायचं, "तिसऱ्या शटरचा रंग कंचा व्हता?"

"मावशी, अक्षरं कधी?" मी विचारायची.

"आधी कान तं उघडू दे, बाई. अक्षरं कुठं जात न्हाईत."

माझ्या वर्गात मात्र अक्षरांची रेलचेल होती. मी शब्दांच्या तक्त्यावर छडी फिरवायची आणि बत्तीस मुलं खणखणीत आवाजात वाचायची. म्हणजे एकतीस. बत्तिसावी मंजू ओठ मिटून बसायची. तिचा बाप गोदामात हमाली करायचा, आई मजुरीला जायची. साहेबांनी मागे पडलेल्या मुलांची यादी मागितली, तेव्हा मी मोठ्या कर्तव्यदक्षतेनं तिचं एकटीचं नाव लिहिलं.

दुपारी मावशी खिचडीचा डाव हातात घेऊनच वर्गात आली. "तिचं नाव नका धाडू, बाई. पोर मंद हाय आसं कागदावर आलं का बाप तिला घरी बसवील, धाकट्याला सांभाळाया. तो निमित्तच शोधतोय."

"मावशी, तिला वाचता येत नाही."

"तिलाच येतं. ती एकटी तक्त्याकडं बघते. बाकीची समदी तुमच्या तोंडाकडं."

मला राग आला. एवढी शिकलेली मी, आणि ही डाववाली मला शिकवणार! तिला गप्प करावं म्हणून मी हजेरीपट तोंडापुढं धरला आणि छडी तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर ठेवली. वर्गानं दणक्यात पहिली ओळ म्हटली. छडी मधल्या ओळीवर नेली. पुन्हा पहिलीच ओळ, आधीपेक्षा जोरात. मग छडी पुन्हा खाली आणून मी मंजूला उभं केलं. ती तक्त्याशी गेली, बोट टेकवलं आणि कितीतरी वेळानं म्हणाली, "ब... द... क."

छडीबरोबर माझे ओठ हलत होते हे मला वर्षभर कळलं नव्हतं. ते कळायला एकतीस मुलं लागली होती, आणि ती मात्र माझे ओठ झकास वाचत होती. यादीत खाडाखोड चालत नाही, असा कार्यालयाचा नियम. म्हणून मी ती फाडली. प्रामाणिकपणे नवी करायची तर एकतीस नावं भरली असती, आणि सगळ्यांत वर माझं. मी "निरंक" लिहून पाठवलं. साहेबांनी अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवसापासून मी अंगणवाडीच्या दाराशी बसून वाट्यांचा खेळ बघू लागले. मावशीनं एकदाही टोमणा मारला नाही. मी तिच्या जागी असते तर सोडलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. मंजू आता चौथीत आहे. आम्ही दोघी मावशीच्या घरी भेटायला गेलो तेव्हा भिंतीवरच्या तिच्या फोटोखालचं नाव मंजूनं हलक्या टाळ्या वाजवत वाचलं. मला रडू आवरलं नाही.

वाचन घेताना मी आता वर्गाकडे पाठ करून उभी राहते. वर्ग एकदम गप्प होतो. ती शांतता मला अजून सोसत नाही. तोंड फिरवून पहिलं अक्षर सांगून टाकावंसं वाटतं. मी हजेरीपट छातीशी घट्ट धरून ठेवते. आणि मग मागून कुणाचा तरी एकट्याचा, अडखळता आवाज येतो.