अग्निलोकांचा घण

गेम बनवणाऱ्या कंपनीतल्या माझ्या पहिल्या नोकरीतलं पहिलं चित्र उद्या दाखवायचं होतं. गेममधल्या अग्निलोकांचा जादूचा घण, त्याला न जळणाऱ्या लाकडाचा दांडा. जन्मभर बाबांच्या भट्टीवर घण मारलेली आई ते बघून म्हणाली, "यांच्या मुलखात पाणी कुठंय रे?"

"आगीची माणसं गं ती. पाणी कशाला?"

"एवढा शिकलास! दांडा वाळला की घण निसटून समोरच्याच्या कपाळात बसतो. भिजवावा लागतो."

"मग?"

"शेजारच्या पाणीवाल्यांकडून आणतील की."

आमच्या गेममध्ये अग्निलोक आणि पाण्यातले जललोक एकमेकांचे वैरी होते. ते एकमेकांकडे काही मागतील, हे मला सुचलंच नव्हतं. आईच्या तळहातावरच्या घट्ट्यांकडे मी बघत राहिलो. माझी पदवी तिथूनच आली होती. मग घणाशेजारी घागर काढली आणि तिच्यावर जललोकांची लाटेची खूण.