माझ्या वाटचा तिळगूळ

रायपूर नवंनवं राजधानी झालं तेव्हा सगळं शहर खोकत होतं. शंकर नगरकडे जावं तर रस्ता खणलेला, दुसऱ्या वाटेनं परतावं तर तोही खणलेला. त्यामुळे तोंड कोरडं पडतं, डोळ्यांत खुपतं असं मी म्हटलं की समोरचा हसून म्हणायचा, "भाभी, राजधानी की धूल है." मीही तेच खरं धरलं. शाळेत चौथीच्या वर्गाला धडा वाचून दाखवताना जीभ टाळूला चिकटायची. दोन ओळी वाचल्या की पाण्याचा घोट लागायचा, आणि मागच्या बाकावरची कार्टी माझी नक्कल करायची.

आमचं घर तात्यापाऱ्यात. सासरची मंडळी भोसल्यांच्या काळापासून इथली, मी अमरावतीची. सासूबाई रोज सकाळी अंगणात बसून बोटानं गुडाखू घासायच्या. तंबाखूचा तो काळा लगदा मला बघवायचा नाही, पण सत्तरीला टेकलेल्या त्या बाईचे सगळे दात जागच्या जागी होते, काळे पण भक्कम. माझ्या कोरड्या तोंडावर त्यांनीच उपाय शोधला. नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या संत्रा गोळ्या आणायला सांगत.

"गोळी ठेव तोंडात. पाणी सुटते," त्या म्हणायच्या. मी शाळेला निघाले की मूठभर गोळ्या पर्समध्ये टाकायच्या. खरंच पाणी सुटायचं, थोडा वेळ का होईना. मग दिवसभर माझ्या गालात एक गोळी असायचीच.

वर्षभरात दात हिरड्यांलगत मऊ पडून काळे झाले. पोळी खाताना दाढेचा तुकडाच पडला. आधी ज्या दंतवैद्याकडे गेलो त्यानं तोंडात डोकावताच विचारलं, "गुडाखू करती हैं?" मला राग आला, पण माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, "वो नहीं करती, मैं करती हूँ," आणि ओठ वर करून त्यांनी आपली बत्तिशी दाखवली. त्याचा विश्वास बसला नाही. सगळे दात काढून कवळी लावू, असं म्हणाला. माझी चाळिशीही उलटली नव्हती. घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले, पदरानं तोंड झाकून पाहिलं आणि ठरवलं, काही झालं तरी पुढचे दात द्यायचे नाहीत. रोज पन्नास पोरांसमोर तोंड उघडायचं होतं मला.

शाळेतल्या एका बाईंनी चौबे कॉलोनीतल्या नव्या डॉक्टरणीचं नाव सुचवलं. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी. तिनं लहानसा आरसा तोंडात घातला तर तो गालाला आतून चिकटून बसला. ती थांबली. "दीदी, सूखी रोटी बिना पानी के उतरती है?" नाही म्हटलं. आँखें जलती हैं? जोड़ दुखते हैं? सगळ्याला हो. मग तिनं विचारलं, "दिन भर मुँह में कुछ रखती हैं?"

सासूबाईंनी अभिमानानं पिशवीतून डबा काढला. "संतरे की गोली. मैं ही देती हूँ."

डॉक्टरणीनं डबा हातात घेऊन बाजूला ठेवला. मग तिनं हळुवारपणे समजावलं. लाळ दात धुते, सांभाळते. यांचं शरीर आपल्याच लाळेच्या ग्रंथींशी लढतंय, म्हणून धुणारं कोणी नाही, आणि साखर दिवसभर दातांवर बसून राहते. पुढे मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, ओठाच्या आतून कणभर मांस काढून तपासलं, तेव्हा तिचं म्हणणं खरं ठरलं. धुळीचा काही दोष नव्हता.

त्या दिवशी डॉक्टरणीकडून परतताना रिक्षात सासूबाई बाहेर बघत बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "मीच खाल्ले तुहे दात."

"रोग आधीपासून होता, आई."

"हव. अर्धे त्यानं खाल्ले, अर्धे म्या."

मला त्यांची फार माया आली.

दाढा गेल्या. वरचे पुढचे सहा तेवढे वाचतील, असं डॉक्टरीण म्हणाली, पण जन्मभर राखावे लागतील. वेगळी पेस्ट, दर तीन महिन्यांनी दातांना औषधाचा लेप, साखर बंद, आणि तोंडाला काही लागलं की लगेच चूळ. हे सगळं सासूबाईंनी कायद्यासारखं लागू केलं. लग्नकार्यात माझ्या मागे तांब्या घेऊन उभ्या राहायच्या. चारचौघांत "चूळ भर" म्हणायच्या. मी चिडायचे आणि चूळ भरायचे.

संक्रांतीला मात्र पंचाईत झाली. शेजारीण हातावर तिळगूळ ठेवणार, नको कसं म्हणायचं? सासूबाईंनी माझ्या तळव्यावरून लाडू उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. "हिच्या वाटचा मी खाते," म्हणाल्या. शेजारीण बघतच राहिली. पुढे दर संक्रांतीला हेच चाललं. सगळ्या गल्लीच्या सवयीचं झालं, बाया लाडू सरळ त्यांच्याच हातावर ठेवू लागल्या.

दिवाळीनंतर त्या गेल्या, फार न दुखता. अंगणात बसलेल्या नातेवाईक बाया माझ्याकडे बघत होत्या. "सुनेच्या डोळ्यात टिपूस नाही," असं कुणी तरी म्हणालं. टिपूस कुठून येणार? माझ्या दुखण्यानं लाळेबरोबर डोळ्यांतलं पाणीही नेलं होतं. डोळे आगीसारखे जळत होते, आणि ही गोष्ट त्यांना सांगू शकणारी एकच बाई तिथे होती, ती समोर निजली होती.

दोनेक महिन्यांत संक्रांत आली. दुखवट्याचं वर्ष, घरी काही केलं नव्हतं. शेजारीण तरी दारात आली, आणि सवयीनं माझ्या शेजारी बघत लाडू पुढे केला. तिथे कोणी नव्हतं. तिचा हात तसाच राहिला. मग मीच हात पुढे केला.

तो लाडू मी खाल्ला, पुढच्या सहा दातांनी, सावकाश. तो त्यांच्या वाटचा होता. मग मोरीत जाऊन भरपूर पाण्यानं चूळ भरली.