वल्हेकाकूंचा जॅम

वल्ह्याएवढा दांडा घेऊन सव्वीस वर्षं एकच कढई ढवळली, म्हणून जॅमच्या कारखान्यात त्यांना सगळे वल्हेकाकू म्हणत. थंड बशीवर थेंब टाकायचा, बोटानं ढकलायचा. सुरकुती पडली की जॅम धरला. नाही पडली तर थेंबाच्या सात पिढ्यांचा उद्धार.

मग प्रयोगशाळेत नवे साहेब आले आणि त्यांनी बिनसाखरेच्या जॅमचं खूळ काढलं. मालकांनी बजावलं, "आज हा धरला नाही, तर उद्यापासून ढवळायला यंत्र. काकूंनी घरी बसायचं."

चार तास झाले, कढईत नुसतं पाणी.

"अहो साहेब, ह्याला झालंय तरी काय?"

"काकू, फळाच्या सालीतलं पेक्टिन म्हणजे लांबलचक धागे. एरवी साखर पाणी ओढून घेते, आंबटपणा धाग्यांची भांडणं मिटवतो, मग ते एकमेकांना बिलगतात आणि उरलेलं पाणी जाळ्यात अडकतं. हे पेक्टिन निराळं. ह्याच्या दोन धाग्यांमध्ये कॅल्शियम बसावं लागतं."

"मग बसवा की!"

"संपलंय. परवा येईल."

"परवा? तोवर मी काय घरी भिंती ढवळू?"

काकूंनी खिशातून गुडघ्यांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली काढली. ह्यानं हाडं धरतात, तिथं जॅमची काय बिशाद! साहेब "काकू, मोजून तरी..." म्हणेपर्यंत बाटली उपडी. कढई फसफसली, ढेकर दिल्यासारखी वर आली आणि एकदम गप्प झाली.

दांडा हलेना. साहेब दांड्याला लोंबकळले. ते लोंबकळतच राहिले, दांडा ताठ.

मालक धावत आले. "धरला का?"

"धरलाय," काकू म्हणाल्या, "आता सोडत नाहीये."

जाळ वाढवला तरी वितळेना. औषध पडलेलं, विकायचा प्रश्नच नव्हता. म्हणून सकाळी बजावल्याप्रमाणे यंत्र आलं. ते ह्याच कढईवर बसणार होतं, पण त्याचं पातं बुडवायचं कुठं? बसवणारा म्हणाला, "आधी कढई रिकामी करा." कढईचं बूड कुठं पातळ झालंय, हे मात्र एकट्या काकूंना ठाऊक.

मालकांनी मुकाट्यानं छिन्नी-हातोडी त्यांच्या हातात दिली. "किती दिवस लागतील?"

काकूंनी कढईवर दोन टिचक्या मारल्या, कान लावला. "दमानं घेतलं तर तीन वर्षं. घाई केलीत तर बूड फुटेल."

निवृत्तीलाही त्यांना तीनच वर्षं होती.